कान मिटता येत नाहीत

डिसेंबर २००३मध्ये 'बिग फिनिश' या ब्रिटिश कंपनीने 'डॉक्टर हू'चं ५२वं ऑडिओ नाटक बाजारात आणलं. त्याचं नाव 'स्केर्त्सो'. दोन सीडी, चार भाग आणि कलाकार फक्त दोन. पाश्चात्त्य संगीतात स्केर्त्सो म्हणजे चपळ, खेळकर रचना. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ 'विनोद'. नाटकात मात्र हसण्यासारखं फारसं काही नाही. एका नको इतक्या उजेड असलेल्या जागेत दोन माणसं अडकली आहेत आणि ती एकमेकांशी भांडत आहेत, एवढंच आपण बराच वेळ ऐकत राहतो.

याला आता वीसहून जास्त वर्षं झाली, पण चाहत्यांचं त्याच्याबद्दल एकमत काही झालेलं नाही. एका गटाला वाटतं, ऑडिओ या माध्यमात झालेल्या सर्वोत्तम कामांपैकी हे एक आहे. दुसऱ्या गटाला ते रटाळ, क्रूर आणि स्वतःच्या हुशारीवर खूश असलेलं वाटतं. 'ठीक आहे, एकदा ऐकायला हरकत नाही' असं म्हणणारं क्वचितच कुणी भेटतं.

मी पहिल्या गटातला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बरेचदा दुसऱ्या गटाची बाजू घेणार आहे. माझं म्हणणं असं, की 'स्केर्त्सो'चे समर्थक त्याची वकिली चुकीच्या मुद्द्यावर करतात. आणि ज्यांनी वैतागून हेडफोन काढून ठेवले, त्यांनी हे नाटक आमच्यापेक्षा नीट ऐकलेलं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका १९६३मध्ये सुरू झाली आणि १९८९मध्ये बंद पडली. १९९६मध्ये एक टीव्हीपट आला. त्यात पॉल मॅकगॅन आठवा डॉक्टर झाला. पण त्यातून पुढे मालिका काही उभी राहिली नाही. त्याच्या डॉक्टरला पडद्यावर तेवढाच एक सिनेमा मिळाला.

१९९९मध्ये बिग फिनिशने परवानगी घेऊन 'डॉक्टर हू'ची नवी नाटकं सीडीवर काढायला सुरुवात केली. जुन्या मालिकेतलेच कलाकार, पण फक्त आवाजात. २००१मध्ये मॅकगॅनही आला. टीव्हीवर मालिका नव्हती, त्यामुळे त्या काळात अनेक चाहत्यांसाठी हेच 'डॉक्टर हू' होतं. टीव्हीवाले बघत नव्हते, म्हणून मोकळीकही होती. चुकलं तरी आठ कोटींचा सेट वाया जाणार नव्हता.

मॅकगॅनच्या पहिल्या ऑडिओ नाटकात, 'स्टॉर्म वॉर्निंग'मध्ये, शार्लट पोलार्ड ऊर्फ चार्ली ही त्याची सहप्रवासी भेटते. भूमिका इंडिया फिशरची. ब्रिटिश 'मास्टरशेफ' पाहणाऱ्यांना तिचा आवाज ओळखीचा असेल. तिथलं निवेदन तीच करते. ही चार्ली १९३०मध्ये आर-१०१ या महाकाय हवाई जहाजात मुलाच्या वेशात चोरून शिरलेली असते. हे जहाज खरंच होतं. ते इंग्लंडहून कराचीला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या एका शहराला निघालं होतं. ५ ऑक्टोबर १९३०च्या पहाटे ते फ्रान्समध्ये कोसळलं आणि त्यावरच्या ५४ जणांपैकी ४८ जण गेले. कथेत चार्लीसुद्धा त्यात मरायला हवी असते. डॉक्टर तिला वाचवतो आणि त्यामुळे काळाच्या वस्त्राला भोक पडतं.

ते भोक पुढच्या कथांमध्ये मोठं होत जातं. जून २००२च्या 'नेव्हरलँड'मध्ये त्याचा स्फोट होतो आणि कथा ऐन मोक्यावर थांबते. पुढचा भाग ऐकायला चाहत्यांना नोव्हेंबर २००३पर्यंत, म्हणजे मालिकेच्या चाळिशीपर्यंत, थांबावं लागलं. हा भाग म्हणजे 'झॅग्रियस'. तीन सीडी, जुन्या डॉक्टरांची फौज आणि संदर्भांचा डोंगर. त्याच्या शेवटी डॉक्टर स्वतःलाच तडीपार करतो. त्याच्यात एक असा संसर्ग शिरलेला आहे, जो आपलं विश्व उद्ध्वस्त करू शकतो. म्हणून तो एका परक्या विश्वात निघून जातो. तिथे काळ ही संकल्पनाच नाही. परतीचा रस्ता नाही. चार्ली सुरक्षित राहावी हाही त्यामागचा हेतू.

आणि चार्ली त्याच्या टार्डिसमध्ये लपून त्याच्यासोबत जाते. दुसऱ्यांदा चोरून.

'स्केर्त्सो' इथून सुरू होतं.

नाटकात काय घडतं

डॉक्टर आणि चार्ली बाहेर पडतात तेव्हा सगळीकडे इतका पांढरा, तीव्र उजेड असतो की काहीच दिसत नाही. टार्डिस नाहीशी होते. कुठे जायचं ते कळत नाही, किती वेळ गेला ते कळत नाही. हळूहळू बाकीची इंद्रियंही साथ सोडू लागतात. शाबूत राहतात ते फक्त कान.

दोघं हात धरून चालत राहतात. भूक लागते. वाटेत एक मेलेला जीव सापडतो. तो खावा की खाऊ नये? ते खातात. काही वेळाने लक्षात येतं, आपण एका काचेच्या नळीत आहोत आणि ती गोल फिरून स्वतःलाच मिळते. कुणीतरी त्यांना निरखत असावं. त्या जागेत एक जीव आहे, तो आवाजाचा बनलेला आहे आणि तो शिकतो आहे. शिकण्यासाठी त्याच्याकडे या दोघांचे आवाज सोडून दुसरं काही नाही. म्हणून तो त्यांच्याच आवाजात बोलायला लागतो. मध्येच या दोघांना कळतं की इतका वेळ एकमेकांत गुंफलेल्या त्यांच्या हातांची कातडी एकजीव झाली आहे. आता सोडायचं म्हटलं तरी हात सुटत नाही.

भागांच्या सुरुवातीला डॉक्टर एका राजाची आणि संगीताची गोष्ट परीकथेच्या सुरात सांगतो. शेवट मी इथे सांगत नाही. पण एवढ्यावरूनही कळेल की यात धावपळ नाही, खलनायकाची भाषणं नाहीत, स्फोट नाहीत. आहेत त्या दोन आवाजांच्या तक्रारी.

लेखक रॉबर्ट शिअरमन. त्याने याआधी 'द होली टेरर', 'द चाइम्स ऑफ मिडनाइट' आणि 'ज्युबिली' ही नाटकं लिहिली होती आणि ती चाहत्यांनी डोक्यावर घेतली होती. २००५मध्ये टीव्हीवर मालिका परतली तेव्हा 'डॅलेक' हा गाजलेला भाग त्यानेच लिहिला. त्याचं बीज 'ज्युबिली'मध्ये आहे. म्हणजे 'स्केर्त्सो' हा कुणा नवशिक्याचा हट्ट नव्हता. हातखंडा असलेल्या माणसाने जाणूनबुजून घेतलेली ही वाट होती.

अंधाराची जुनी युक्ती

ऑडिओ नाटकाची मूळ अडचण सगळ्यांना ठाऊक आहे. ऐकणाऱ्याला दिसत नाही, पण पात्रांना दिसतं. त्यामुळे पात्रांना सारखं समालोचन करावं लागतं. 'अरे बापरे, तो बघ समोर केवढा मोठा दरवाजा, आणि त्यावर ती हिरवी चिन्हं!' आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकून मोठे झालेल्या आपल्या आईवडिलांना हे वाक्य कुठल्याही भाषेत ओळखता येईल. विज्ञानकथेत तर हा त्रास दुप्पट, कारण तिथे दिसणारी प्रत्येक गोष्ट अनोळखी असते. चहाचा कप खणखणला की कप समजतो. सहा पायांचा परग्रहवासी कसा खणखणवायचा?

यावरचा सगळ्यात जुना उपायच सगळ्यात चांगला आहे: पात्रांनाही आंधळं करून टाका. १५ जानेवारी १९२४ला बीबीसीवरून रिचर्ड हयूजचं 'डेंजर' प्रसारित झालं. खास रेडिओसाठी लिहिलेलं ते बहुधा पहिलंच नाटक. त्यात वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत दिवे जातात आणि माणसं अंधारात अडकतात. एका झटक्यात श्रोता आणि पात्रं एका पातळीवर आली. दोघांनाही दिसत नाही, दोघंही फक्त ऐकत आहेत.

शिअरमनने ऐंशी वर्षांनी तीच युक्ती उलटी केली. अंधाराऐवजी उजेड. आणि तो एक पायरी पुढे गेला. ह्यूजच्या खाणीत माणसं आंधळी होती, पण चव, वास, स्पर्श त्यांच्याकडे होते. शिअरमन तेही काढून घेत जातो. शेवटी डॉक्टर आणि चार्ली यांच्याकडे नेमकं तेवढंच उरतं, जेवढं हेडफोन लावून बसलेल्या आपल्याकडे असतं.

आमच्या धंद्यात एक घासून गुळगुळीत झालेला विनोद आहे: 'हा बग नाही, फीचर आहे.' बहुतेक वेळा तो थापच असतो. मर्यादेला फीचर म्हणायचं तर ती मर्यादा काढून टाकल्यावर गोष्ट कोसळली पाहिजे, तरच तो दावा खरा. 'स्केर्त्सो' या कसोटीला उतरतं. त्याचा सिनेमा करून बघा. पडदा पांढरा ठेवला तर प्रेक्षक तो पांढरा पडदा बघत बसणार, आणि काचेची नळी दाखवली तर तिसऱ्या मिनिटाला रहस्य संपणार. ज्या जीवाला फक्त आवाज आहे, तो पडद्यावर कसा दाखवायचा? त्याचा राक्षस करावाच लागेल. हेडफोनमध्ये मात्र डॉक्टर बोलतो तेव्हा तो खरंच डॉक्टर आहे की डॉक्टरचा आवाज शिकलेलं दुसरंच काही, हे आपल्याला कळायला कुठलाच मार्ग नसतो.

समर्थकांचा घोळ

इथपर्यंत माझा गट माझ्याशी सहमत असेल, कारण आम्ही 'स्केर्त्सो'ची स्तुती करतो ती याच शब्दांत. माध्यमाचा काय वापर केलाय! काय कल्पना आहे! आणि इथेच आम्ही थांबतो.

याची अडचण अशी की २००३ हे बिग फिनिशसाठी युक्त्यांचंच वर्ष होतं. मे महिन्यात 'क्रीचर्स ऑफ ब्यूटी' आलं. त्यातले प्रसंग घडलेल्या क्रमाने येतच नाहीत. आपल्याला मनात जुळवावे लागतात. जुलैमध्ये 'फ्लिप-फ्लॉप' आलं. त्याच्या दोन सीडी, एक काळी आणि एक पांढरी, कुठल्याही क्रमाने ऐकता येतात. एकीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला जोडला जातो. माझ्यासारख्या, रिकर्शन बघून डोळे चमकणाऱ्या माणसाला हे फार आवडतं. पण ते आवडणं कोडं सुटल्यासारखं आहे. सुटलं की टाळी वाजवायची आणि पुढे जायचं. चाहत्यांनी त्यावरही वाद घातले, पण त्या वादात सहसा कुणी दुखावलं गेलं नाही.

'स्केर्त्सो'ची युक्ती या दोघांपेक्षा सोपी आहे. ती पहिल्या भागातच उघड होते. तिच्या जोरावर चार भाग तगले नसते. तरीही लोक त्याच्यावर इतके चिडतात किंवा इतका जीव टाकतात, म्हणजे कारण युक्तीच्या पलीकडे कुठेतरी असणार. 'झॅग्रियस'वरही चाहते असेच फाटले होते, पण तिथला आक्षेप साधा होता: फार लांब, फार गुंता. जेवणात पदार्थ जास्त झाल्याची ती तक्रार होती. 'स्केर्त्सो'बद्दलची तक्रार वेगळी आहे. इथे ताटात एकच पदार्थ आहे आणि तो कडू आहे.

माझ्या एका फ्लॅटमेटला मी हे ऐकायला दिलं होतं. त्याने दुसऱ्या भागात हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, 'मला आईबाबांचं भांडण शेजारच्या खोलीतून ऐकतोय असं वाटतंय.' त्याला ते आवडलं नाही. पण 'स्केर्त्सो'वरची इतकी अचूक टीका मी समर्थकांकडून आजवर ऐकलेली नाही.

'तुझ्यासाठीच केलं ना'

विरोधकांचा मुख्य आक्षेप असा की यातला डॉक्टर क्रूर आहे. हे खरं आहे. तो चार्लीवर चिडलेला आहे, तिला टोचून बोलतो, तिच्या प्रेमाला किंमत देत नाही. 'डॉक्टर हू'चा नायक कसाही असला, तरी सोबतच्या माणसाला जपणारा असतो, असा आपला समज असतो. तो इथे मोडतो.

पण तो का चिडला आहे ते बघू. त्याने मोठा त्याग केला होता. आपलं विश्व, आपली माणसं, परतीची शक्यता, सगळं सोडलं. त्या त्यागाला अर्थ होता तो एकाच कारणाने: चार्ली मागे सुखरूप राहील. ती लपून आली आणि तो त्याग फुकट गेला. चार्लीच्या बाजूने पाहिलं तर तिनेही सगळं सोडलं. तिने हे त्याच्यासाठी केलं. त्याने तिला विचारलं नव्हतं, तिने त्याला विचारलं नाही. आता दोघांच्या हातात एकेक मोठी भेट आहे, जी समोरच्याला नको आहे.

मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हे भांडण ओळखायला वेळ लागू नये. 'तुझ्यासाठीच केलं ना एवढं' या वाक्यावर आपल्याकडे किती घरं चालतात! नोकरी सोडली तुझ्यासाठी, गावाकडचं घर विकलं तुझ्यासाठी, परदेशी गेलो नाही तुझ्यासाठी. हे बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याने खरंच केलेलं असतं. आणि ऐकणाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं, हेही खरं असतं. त्यामुळे आभार मानावेत तर खोटेपणा होतो आणि रागवावं तर कृतघ्नपणा. त्यागाचं कर्ज असं असतं की ते फेडायची सोयच नसते.

'स्केर्त्सो'ने हे भांडण अशा जागी नेऊन ठेवलं, जिथून उठून जाता येत नाही. घरात निदान स्वयंपाकघर असतं, गॅलरी असते, 'जरा खाली जाऊन येतो' म्हणायची सोय असते. इथे नळी गोल आहे. चालत राहिलात तरी पुन्हा तिथेच. हात सोडवावा तर कातडी जुळलेली. आणि समोरच्याकडे दुर्लक्ष करावं तर उरलेलं एकमेव इंद्रिय कान आहे. डोळे मिटता येतात, तोंड फिरवता येतं. कान मिटता येत नाहीत.

हातांची कातडी एकजीव होणं याला काही जण उगाच घातलेली किळस म्हणतात. मला तो नाटकातला सगळ्यात नेमका प्रसंग वाटतो. हात धरणं ही आधाराची सगळ्यात साधी खूण. तिथे भीती होती म्हणून त्यांनी हात धरला आणि तोच हात आता सापळा झाला आहे. यावर पात्रांनी भाष्य करायची गरज नाही, आणि शिअरमनने ते फारसं करायलाही लावलेलं नाही.

आता तो आवाजाचा जीव घ्या. त्याला स्वतःचं काही नाही. तो या दोघांचं बोलणं ऐकतो आणि तेच त्यांना परत ऐकवतो. लहान मूल आईवडिलांच्या भांडणातले शब्द उचलतं आणि चारचौघांत बोलून दाखवतं, तेव्हा मोठ्यांचे चेहरे कसे होतात ते आठवा. माझ्या फ्लॅटमेटने शेजारच्या खोलीची उपमा दिली. ती नाटकातच आहे, फक्त त्या खोलीतलं मूल इथे परग्रहवासी झालं आहे.

म्हणून मला वाटतं, 'हे सहन होत नाही' ही 'स्केर्त्सो'ची चूक दाखवणारी टीका नाही. ते त्याचं नेमकं वर्णन आहे. जो समर्थक 'काय कल्पना आहे!' म्हणतो त्याने स्वतःला त्या नळीतून बाहेर काढलेलं असतं. तो काचेच्या बाहेर उभा राहून निरीक्षण करतो. आत अडकलेला असतो तो वैतागलेला श्रोता.

काळ नसलेल्या विश्वात आवाज कसा?

एक आक्षेप मात्र मला इंजिनिअर म्हणून टाळता येत नाही. हे विश्व काळाशिवायचं आहे असं कथा सांगते. आवाज म्हणजे हवेच्या दाबात काळानुसार होणारा बदल. स्वर हर्ट्झमध्ये मोजतात आणि हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला किती कंपनं. सेकंदच नसेल तर स्वर कुठून येणार? काळ नसलेल्या जगात आवाजाचा प्राणी ही कल्पना भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पेपरात नापास होईल.

हा आक्षेप मला पटतो. विज्ञानकथा म्हणून ही पोकळी राहतेच, आणि 'शेवटी काल्पनिकच आहे' हे उत्तर आळशी आहे. पण याच पोकळीतून एक वेगळी गोष्ट दिसते. चित्र मध्येच थांबवलं तर एक फ्रेम उरते. पुस्तक मिटलं तर पान उरतं. आवाज थांबवला तर काहीच उरत नाही. ऑडिओ नाटक ही संपूर्णपणे काळाचीच बनलेली गोष्ट आहे. ती काळ नसलेल्या जागेत घडवायची म्हणजे पात्रांच्या जगात नसलेला काळ सगळाच्या सगळा श्रोत्याच्या खिशातून जातो. डॉक्टर आणि चार्लीला किती वेळ गेला ते कळत नाही. आपल्याला प्लेअरवरचा आकडा दिसत असतो. ज्यांना नाटक रटाळ वाटलं, त्यांना हा वेळ बोचला. मला वाटतं तो बोचावा अशीच त्याची रचना आहे. पण तो प्रत्येकाने द्यावाच, अशी सक्ती कुणाला करता येणार नाही. दीड पट वेगाने ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या पिढीला तर नाहीच. ('स्केर्त्सो' दीड पट वेगाने ऐकू नका. त्यातल्या शांततेच्या जागा निघून जातात आणि मागे खरोखरच नुसती किरकिर उरते.)

जिथे ते कमी पडतं

माझी स्वतःची तक्रार नाटकाच्या आत नाही, त्याच्यानंतर आहे. इतकं सगळं बोलून झाल्यावर ही दोन माणसं पूर्वीसारखी राहणं शक्य नव्हतं. पण मालिकेला पुढचं नाटक काढायचंच होतं. जानेवारी २००४मध्ये 'द क्रीड ऑफ द क्रोमन' आलं. त्यात परग्रहवासी, बंदिवास, सुटका, आणि क्रिझ हा नवा सहप्रवासी. साचा ओळखीचा. नळीत बोललेल्या शब्दांचं ओझं कुणाच्या खांद्यावर फारसं दिसत नाही. हे परकं विश्वसुद्धा डिसेंबर २००४च्या 'द नेक्स्ट लाइफ'मध्ये गुंडाळलं गेलं.

त्याला कारणही होतं. सप्टेंबर २००३मध्ये बीबीसीने मालिका टीव्हीवर परत आणायची घोषणा केली होती. म्हणजे 'स्केर्त्सो' बाजारात आलं तेव्हाच ऑडिओचे एकुलतेपणाचे दिवस भरत आले होते. २६ मार्च २००५ला टीव्हीवर नवा डॉक्टर येणार, नवे प्रेक्षक येणार. अशा वेळी चार सीडी मागचं सगळं ठाऊक असल्याशिवाय ज्यात शिरताच येत नाही, असं नाटक हा शेवटच्या बाकावरच्या मुलांचा उद्योग वाटणं साहजिक आहे. विरोधकांची ही तक्रार रास्त आहे: ज्याने 'नेव्हरलँड' आणि 'झॅग्रियस' ऐकलेलं नाही, त्याला या भांडणाचं मूळच कळत नाही. एखाद्या घरात जावं आणि समोर रडारड चालू असावी, पण कुणी काही सांगू नये, तसं होतं.

मात्र या दिवसांची नोंद पडद्यावर राहिली. नोव्हेंबर २०१३मध्ये मालिकेच्या पन्नाशीनिमित्त 'द नाइट ऑफ द डॉक्टर' ही काही मिनिटांची फिल्म आली. सतरा वर्षांनी पॉल मॅकगॅन पुन्हा त्या भूमिकेत दिसला. मरण्याआधी त्याचा डॉक्टर आपल्या ऑडिओमधल्या सोबत्यांची नावं घेतो. पहिलं नाव चार्लीचं आहे. टीव्हीच्या बहुसंख्य प्रेक्षकांनी ते नाव तेव्हा प्रथमच ऐकलं असणार. ज्यांनी 'स्केर्त्सो' ऐकलं होतं, मग ते आवडलेलं असो वा नसो, त्यांच्यासाठी त्या एका नावात ती नळी होती, तो जुळलेला हात होता.

मग ऐकावं की नाही? 'द चाइम्स ऑफ मिडनाइट'पासून सुरू करा. ती याच दोघांची, याच लेखकाची आणि कुणालाही एकटी ऐकता येईल अशी गोष्ट आहे. ती आवडली तर 'नेव्हरलँड', मग थोडा धीर धरून 'झॅग्रियस', आणि मग हे. दुसऱ्या भागात असह्य झालं तर थांबा. तुम्हाला नाटक कळलं नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला सांगा की कळलं म्हणूनच थांबलो. आणि शेवटपर्यंत ऐकलंत, तर स्तुती करताना कल्पनेची कमी करा. त्या दोघांपैकी कुणाचं म्हणणं तुम्हाला तुमच्या घरातून आधीच ऐकू येत होतं, ते सांगा. तो वाद घालायला मला जास्त आवडेल.